पश्चात्ताप गहाण ठेवून कृपा मिळते का?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय.)



आजचा भाग तीन शब्दांवर आहे: पश्चात्ताप, कृपा आणि तारण. सुरुवातीच्या ख्रिस्ती शिकवणुकीत, म्हणजे येशूच्या काळापासून साधारण पाचव्या शतकापर्यंत, या तिघांचं एकमेकांशी नातं काय मानलं जायचं, एवढाच प्रश्न. वरवर सोपा वाटतो. माणूस चुकतो, त्याला पश्चात्ताप होतो, मग देव कृपा करतो आणि माणूस तरतो. एक, दोन, तीन. पण मूळ ग्रंथ उघडले की हा क्रम टिकत नाही. आमच्या कामात ज्याला डिपेन्डन्सी म्हणतात, म्हणजे कोण कुणावर अवलंबून आहे, त्याच प्रश्नावर त्या लोकांनी शेकडो वर्षं वाद घातला. आणि तो वाद पुस्तकी नव्हता. कोणाला जेवणाच्या पंगतीत परत घ्यायचं आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचं, हे त्यावर ठरायचं.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, धर्मोपदेशक नाही. त्यामुळे काय मानावं हे सांगणार नाही. कोणी काय म्हटलं आणि का म्हटलं, तेवढं सांगतो. मात्र मी नेवाशाचा आहे, आणि हा विषय नेवाशात बसून बोलायला सोपा जातो. एकीकडे प्रवरेच्या काठावर पैस खांब, जिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. दुसरीकडे आमच्याच तालुक्यात वडाळा बहिरोबा, अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं. तिथे एकोणिसाव्या शतकात सॅम्युअल फेअरबँक यांनी अनेक वर्षं काम केलं. या दोन्हींकडे शेवटी येऊ. आधी शब्द.

तीन शब्द, आणि त्यातला एक फसवा

पश्चात्ताप म्हणजे नंतर होणारा ताप. चूक होऊन गेल्यावर आत जे पोळतं ते. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे मेटानोइया. गंमत अशी की त्याच्या पहिल्या तुकड्यातही ‘नंतर’ हा अर्थ आहे, आणि ‘बदल’ हाही. पण दुसरा तुकडा ताप नाही, मन आहे. म्हणजे मन पालटणं, नव्यानं विचार करणं. त्याच्याही मागे हिब्रू संदेष्ट्यांचा शब्द आहे, शूव. त्याचा अर्थ सरळ ‘मागे फिर, परत ये’ असा. वाट चुकलेल्या माणसानं वळायचं, इतका साधा. त्यामुळे मराठीत ‘पश्चात्ताप करा’ ऐकल्यावर आपल्या डोळ्यांसमोर रडणारा माणूस येतो. मूळ श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर वळणारा माणूस यायचा. रडणं त्यात असेल, नसेलही.

कृपेचा ग्रीक शब्द खारिस. त्याचा रोजच्या वापरातला अर्थ देणगी, मेहेरबानी, उपकार. रोमन जगात देणगीचे नियम होते. सेनेका या तत्त्वज्ञानं उपकार या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला, आणि देताना माणूस पारखून द्यावं असा त्याचा सल्ला आहे. घेणाऱ्यानं परतफेडीची जाण ठेवायची हेही गृहीत. आपल्याकडची आहेराची वही आठवा. कोणी किती लिहिलं ते बघून त्यांच्या घरच्या लग्नात तेवढं, किंवा थोडं वर. पौलानं हाच रोजचा शब्द उचलला आणि उलटा फिरवला: ही देणगी लायकी न बघता दिलेली आहे. तेव्हाच्या लोकांच्या कानाला ते खटकलं असणार. अपात्राला देणगी म्हणजे देणाऱ्याला अक्कल नाही, असंच एरवी म्हटलं जायचं.

आता तिसरा, तारण. मूळ सोतेरिया. सुटका, सुखरूप राहणं. त्याच घराण्यातलं क्रियापद शुभवर्तमानांत आजार बरा होण्यासाठीही वापरलंय, हे लक्षात ठेवा. मराठीत आपण तारणे धातूवरून ‘तारण’ घेतला: बुडणाऱ्याला पैलतीरी नेणं. पण मराठीत तारणाचा दुसरा अर्थ तितकाच जिवंत आहे. कुठल्याही तालुक्याच्या गावात पतसंस्थेच्या पाटीवर तो दिसतो: सोनेतारण कर्ज. आधी तुम्ही बांगड्या ठेवायच्या, मग ते पैसे देणार. आणि मला वाटतं, नकळत आपल्या डोक्यात धर्माचंही गणित असंच बसतं. पश्चात्ताप हे सोनं. ते खरं निघालं, वजन भरलं, की त्यावर कृपा मंजूर.

आजच्या भागाचा सगळा प्रश्न एवढाच: सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी तसं मानलं होतं का?

गोष्टींमधला क्रम

बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीकाठी लोकांना बजावतो की पश्चात्ताप केलाय ना, मग त्याला शोभेल अशी फळं दाखवा. दोन अंगरखे असतील तर एक द्या, जकातदार असाल तर ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. इथे क्रम कडक आहे. आधी वळा.

येशूही पश्चात्ताप करा असंच सांगत येतो, पण सोबत कारण देतो: देवाचं राज्य जवळ आलंय. म्हणजे काहीतरी आधीच घडलंय, म्हणून वळा.

लूकच्या शुभवर्तमानातल्या दोन गोष्टी बघा. एकोणिसाव्या अध्यायात जक्कय नावाचा श्रीमंत मुख्य जकातदार आहे. रोमन सत्तेसाठी वसुली करणारा, लोकांना लुबाडणारा म्हणून बदनाम. बुटका असल्यानं झाडावर चढून बसतो. येशू त्याला बघून म्हणतो, उतर खाली, आज मी तुझ्याकडे उतरणार आहे. बस. अट नाही, चौकशी नाही. लोक कुरकुरतात, पाप्याच्या घरी पाहुणा गेला म्हणून. आणि त्यानंतर जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. म्हणजे मेहेरबानी आधी, वळणं नंतर. पण वळणं झालं, आणि रुपयापैशात झालं, हेही तितकंच खरं.

दुसरी गोष्ट पंधराव्या अध्यायातली, उधळ्या मुलाची. वाटणी घेऊन गेलेला धाकटा मुलगा सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, आणि उपाशी पोटी परतायचं ठरवतो. वाटेसाठी तो भाषण तयार करतो. त्यात तीन मुद्दे आहेत: मी पाप केलं, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मजुरासारखं ठेवा. तिसरा मुद्दा म्हणजे परतफेडीची योजना. राबून फेडतो, असा देकार. पण बाप त्याला लांबूनच बघतो, धावत जातो, गळ्यात पडतो. मुलगा भाषण सुरू करतो, पहिले दोन मुद्दे बोलतो, आणि तिसरा येतच नाही. बाप तोवर नोकरांना सांगू लागलाय: झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा. करार मांडायच्या आधीच रद्द झाला.

मात्र हेही बघा: मुलगा वळून चालत आला नसता तर गळ्यात पडायला तो तिथे नसता. वळणं ही किंमत नाही, पण त्याशिवाय भेटही नाही. हा बारीक फरक हातातून निसटला की पुढचे सगळे वाद सुरू होतात.

पौल, आणि विसार कोण देतं

पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो की देवाचा चांगुलपणाच माणसाला पश्चात्तापाकडे नेतो. बाण कुठून कुठे जातो बघा. इफिसकरांच्या पत्रात तर मुद्दा उघड आहे: तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कमाईनं नाही, आणि लगेच पुढच्या ओळीत, सत्कृत्यांसाठी. सत्कृत्यं कारण नाहीत, हेतू आहेत.

यावर कोणीही हुशार माणूस विचारेल, मग करू दे की पाप, कृपा वाढेल! हा प्रश्न पौल स्वतःच रोमकरांच्या सहाव्या अध्यायात मांडतो आणि ठाम नाही म्हणतो. जुन्या जगण्याला मेलेला माणूस त्यात कसा राहील, असं त्याचं उत्तर. याकोबाचं पत्र दुसऱ्या बाजूनं तेच दटावतं: कृतीशिवायचा विश्वास मेलेला आहे.

पण माझ्या मते सगळ्यात बोलका शब्द वेगळाच आहे. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौल एक बाजारातला शब्द वापरतो, आराबोन. त्याला मराठीत चपखल शब्द आहे, विसार. जमिनीचा व्यवहार ठरला की खरेदीखताआधी जी रक्कम हातावर ठेवतात ती. पौल म्हणतो, देवानं आपला आत्मा माणसाला विसार म्हणून दिलाय. पतसंस्थेत गरजू माणूस तारण ठेवतो. इथे विसार देवाकडून येतोय, आणि माणूस तो घेतोय. व्यवहाराची दिशाच उलटी.

टर्टुलियनचं नाणं आणि फळी

आता सगळ्यांनी हे असंच मानलं का? नाही. कार्थेज शहरात, आजच्या ट्युनिशियात, टर्टुलियन नावाचा लेखक साधारण इसवी सन २०० नंतर पश्चात्तापावर पुस्तिका लिहितो. तो सरळ म्हणतो की पश्चात्ताप ही देवानं क्षमेची ठरवलेली किंमत आहे. आणि विकणारा जसं नाणं घासलेलं, कापलेलं नाही ना हे पारखून घेतो, तसा देव पश्चात्ताप पारखतो. हे तर आपलं सोनेतारणच झालं.

पण तो कोणाशी बोलतोय ते बघा. बाप्तिस्मा घ्यायला रांगेत असलेले काही लोक विचार करत होते की एकदा पाणी पडलं की सगळं धुतलं जाणार, तोवर चालू दे. त्यांना तो चापतोय. किंमतीची भाषा फुकटेगिरीविरुद्ध आहे. त्याच पुस्तिकेत दुसरी उपमा आहे, ती जास्त टिकली: पश्चात्ताप म्हणजे फुटलेल्या गलबताची फळी. बुडणारा तिला मिठी मारतो. फळीची किंमत कोणी देत नाही, तिला धरून राहावं लागतं.

बाप्तिस्म्यानंतर चुकलं तर किती वेळा परत येता येतं, हाही मोठा प्रश्न होता. रोममधला हर्मास दुसऱ्या शतकात लिहितो, आणखी एक संधी आहे. एकच. टर्टुलियन तेव्हा तेच मानत होता. पुढे तो आणखी कडक झाला आणि मोठ्या पापांना मंडळीनं क्षमा देऊच नये म्हणू लागला.

इसवी सन २५०: खरी परीक्षा

मग तो प्रसंग आला जिथे हे सगळं कागदावरून रस्त्यावर उतरलं. सम्राट डेसियसनं हुकूम काढला की साम्राज्यातल्या लोकांनी देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. हे दाखले खरोखर मिळालेत. इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेले चाळीसहून अधिक सापडले आहेत. नाव, गाव, अर्पण केल्याची कबुली, साक्षीदाराची सही. अगदी सरकारी फॉर्म.

ख्रिस्ती लोकांत तीन गट पडले. काहींनी नकार दिला, तुरुंग आणि छळ सोसला. काहींनी बळी अर्पण केला. काहींनी अर्पण न करता पैसे चारून नुसता दाखला मिळवला. वर्षभरात छळ ओसरला, आणि पडलेले लोक दाराशी आले: आम्हाला परत घ्या.

इथे चार आवाज ऐकू येतात. पहिला, रोमचा नोव्हेशियन: मंडळी शुद्ध राहिली पाहिजे, देवाला क्षमा करायची तर तो करील, आम्ही परत घेणार नाही. दुसरा, तुरुंगातून सुटलेले काही धीराचे लोक: ते पडलेल्यांना चिठ्ठ्या देऊ लागले, याला घ्या, याच्या घरच्यांनाही घ्या. म्हणजे सोसलं एकानं, माफी दुसऱ्याला, पश्चात्ताप कोणाचाच नाही. तिसरा, खुद्द पडलेल्यांपैकी काहींचा: लगेच, आत्ता, काही न विचारता.

चौथा कार्थेजचा बिशप सिप्रियन. हा स्वतः छळाच्या वेळी लपून राहिला होता आणि त्याबद्दल टीका झेलत होता. २५१ साली कार्थेजला सभा भरली आणि मधला मार्ग ठरला. नुसता दाखला घेतलेल्यांना, प्रत्येकाची चौकशी करून, पश्चात्तापाच्या काळानंतर घ्यायचं. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी पश्चात्तापात राहायचं, मरणाच्या दारात मात्र त्यांना नाकारायचं नाही. पुढे नवा छळ येणार असं दिसल्यावर पश्चात्तापात टिकून राहिलेल्या सगळ्यांनाच परत घेतलं. सिप्रियनचं म्हणणं असं की लढाईला निहत्थं कसं पाठवायचं? ज्याच्यासाठी रक्त सांडायला सांगताय, त्याच्या पंगतीला आधी बसवा तरी. २५८ साली सिप्रियनचा स्वतःचा शिरच्छेद झाला.

पुढे ३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेत असंच प्रकरण आलं, आणि अकराव्या नियमात विनाकारण पडलेल्यांसाठी मुदत लिहिली गेली: तीन वर्षं फक्त ऐकणाऱ्यांत, सात वर्षं लोटांगण घालणाऱ्यांत, दोन वर्षं प्रार्थनेत सहभाग पण पवित्र भोजन नाही. एकूण बारा वर्षं. आणि तेराव्या नियमात, मरणाऱ्याला नाही म्हणायचं नाही.

ही बारा वर्षं किंमत होती का? अनेकांना ती तशीच वाटली असणार. पण तेरावा नियम सगळं गणित उघड करतो. किंमत असती तर दोन वर्षांत मरायला टेकलेल्याला सांगितलं असतं, हप्ते बाकी आहेत. तसं केलं नाही. म्हणजे मुदत बरं होण्यासाठी होती, विकत घेण्यासाठी नाही.

पहिलं पाऊल कोणाचं?

तरी एक प्रश्न उरला. वळायचं बळ कुठून येतं? माणूस स्वतः पहिलं पाऊल टाकतो, की तेही देवाचं देणं?

ब्रिटनहून रोमला आलेला पेलाजियस शिस्तीचा, सरळ माणूस. आजूबाजूचे ख्रिस्ती ढिलेपणानं जगतात हे त्याला खुपायचं. ऑगस्टीनच्या आत्मकथनात एक प्रार्थना आहे, तिचा आशय असा की तू जे सांगतोस ते करायचं बळ तूच दे, मग हवं ते सांग. ती ऐकून पेलाजियस चिडला, असं ऑगस्टीननंच पुढे नोंदवलंय. पेलाजियसचा मुद्दा हलका नाही. देवानं आज्ञा दिली म्हणजे पाळता येते म्हणूनच दिली ना? नाही तर प्रत्येकजण म्हणेल, मी काय करू, मला कृपाच झाली नाही.

ऑगस्टीनचं उत्तर स्वतःच्या अनुभवातून आलेलं. बरोबर काय ते कळत होतं, हवंही होतं, आणि तरी वळता येत नव्हतं. सवयीनं इच्छेलाच साखळी घातलेली. अशा माणसाला ‘इच्छा कर’ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला ‘चाल’ म्हणणं. म्हणून इच्छा बरी होणं हीच पहिली कृपा. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेनं पेलाजियसच्या मताविरुद्ध निर्णय दिला. ५२९ साली ऑरेंजच्या परिषदेनं सांगितलं की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनंच, पण देव कोणाला वाईटासाठी नेमून ठेवतो हे मात्र साफ नाकारलं.

ग्रीक भाषिक पूर्वेकडे हा वाद इतका तापला नाही. तिथे कोर्टापेक्षा दवाखान्याची भाषा जास्त होती. क्रिसोस्टम आपल्या प्रवचनात सांगतो की मंडळी हे न्यायालय नाही, इस्पितळ आहे. दवाखान्यात आजारी असल्याची कबुली द्यावी लागते, पण कबुली ही फी नसते. औषध डॉक्टरचं असतं, पण गिळावं तुम्हालाच लागतं.

आणि आपल्याकडे

आता नेवाशात या. गीतेच्या नवव्या अध्यायात ते प्रसिद्ध वचन आहे की अत्यंत दुराचारी माणूससुद्धा अनन्यभावानं भजू लागला तर त्याला साधूच समजावं. पुढच्याच श्लोकात, तो लवकरच धर्मात्मा होतो. क्रम बघा: आधी साधू मानला, मग चांगला झाला. ज्ञानेश्वर यावर बोलताना महापुरातून जिवंत बाहेर आलेल्या माणसाची उपमा देतात: पुरात सापडला होता हे खरं, पण आता बाहेर आलाय ना. आणि अनुतापाला ते तीर्थ म्हणतात, जिथे न्हाऊन माणूस देवाच्या आत येतो. टर्टुलियनची फळी आणि नेवाशाचा पूर, दोन्हीकडे पाणीच. पसायदानातही मागणं दुष्टांचा नाश व्हावा असं नाही, त्यांचा वाकडेपणा जावा असं आहे. मेटानोइयाचा याहून जवळचा मराठी शेजारी मला माहीत नाही.

शेजारी म्हणालो, जुळा नाही. ख्रिस्ती शिकवणुकीत सगळं एका क्रूसावरच्या, इतिहासात एकदाच घडलेल्या घटनेवर उभं आहे. इथे जन्मांतराचा आणि कर्माचा विचार मागे असतो. तो फरक पुसून ‘सगळं एकच’ म्हणणं दोघांवरही अन्याय.

हा फरक एका मराठी बाईनं फार नेमका सांगितलाय. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वॉन्टेजला झाला. १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तिकेत त्या सांगतात की धर्मग्रंथांत इतर बाबतींत मतभेद असले तरी स्त्री वाईट आणि तिला पुरुषासारखा मोक्ष नाही, यावर त्यांना एकमत दिसलं होतं. मग लंडनच्या फुलहॅममध्ये ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांना सांभाळणारं घर त्यांनी बघितलं आणि त्या हलल्या. पण महत्त्वाचं पुढे आहे. बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांना जाणवलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आणि मग कळलं की असंख्य जन्म घेत घेत ब्राह्मण पुरुष होईपर्यंत थांबायची गरज नाही. आहे तशी, आत्ता. कृपेचा याहून ठोस अर्थ कोणता? रांगेत उभं राहायची पात्रताच नाकारलेल्या माणसाला रांग नसल्याचं कळणं. आणि याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली मुली ढसाढसा रडत पापं कबूल करत होत्या. कृपा आधी, अश्रू नंतर. पण अश्रू आले.

आमच्या शेजारच्या राहुरीत राहिलेले रेव्हरंड ना. वा. टिळक, बाप्तिस्मा १८९५, सांगत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. मराठी माणसाला कृपा हा शब्द परका नव्हताच.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजातले लोक खूप होते. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला, त्यांनाच ‘पश्चात्ताप करा’ सांगायचं? इथे जक्कय मदतीला येतो. पश्चात्तापाला पत्ता असतो. ज्याला लुबाडलं त्याच्या दारापर्यंत तो जायला लागतो. तो लुबाडलेल्याकडून वसूल करायचा नसतो.

घरात याचा अर्थ काय

समजा, एखाद्या घरात बापानं दारूत दोन एकर घालवली, बायकोला मारलं. आता सोडली. माळ घातली असेल किंवा चर्चला जात असेल. तो म्हणतो, देवानं मला माफ केलं, तुम्ही का करत नाही? हे वाक्य आपल्या गावांत नवं नाही.

सुरुवातीच्या मंडळीनं यात एक फरक जपला, तो मला फार कामाचा वाटतो. पडलेल्या बिशपला पश्चात्तापानंतर परत घेत, पण सामान्य सदस्य म्हणून, पदावर नाही. सिप्रियननं हे स्पष्ट लिहिलंय. पंगतीत जागा कृपेची गोष्ट. तिजोरीची किल्ली विश्वासाची, आणि विश्वास वेळेनं बांधला जातो. तेव्हा ‘देवानं माफ केलं’ हे खरं असू शकतं, आणि ‘सातबारा तुमच्या नावावर परत करणार नाही’ हेही त्याच वेळी योग्य असू शकतं. कृपेचा दाखला दाखवून हक्क मागणारा माणूस त्या तुरुंगातल्या चिठ्ठीसारखाच. खरा वळलेला माणूस चौपट परत करायची भाषा बोलतो, निदान जमेल तेवढी.

आणि उलट बाजू. ‘आधी पूर्ण सुधारून दाखव, मग बोलू’ म्हणत दार कायमचं लावणं, हा नोव्हेशियनचा रस्ता. तो शुद्ध असेल, पण अशा घरात परत यायला कोणी वळतच नाही.

तर आजचा सारांश. सुरुवातीच्या शिकवणुकीचा मुख्य प्रवाह असं सांगतो: कृपा आधी चालत येते, पश्चात्ताप म्हणजे तिच्याकडे तोंड वळवणं, आणि तारण म्हणजे त्या वळलेल्या वाटेवरचं बरं होत जाणं, पैलतीरापर्यंत. पश्चात्ताप गहाण ठेवून कृपा मिळत नाही. पण कृपा मिळालेला माणूस लोकांचं घेतलेलं सोनं परत करायला निघतो, आणि मराठीतल्या तारणाच्या दोन्ही अर्थांचा हिशेब तिथे जुळतो.

पुढच्या भागात सिप्रियनची पत्रं जरा सविस्तर बघू. प्रश्न असतील तर पाठवा, विशेषतः जे पटलं नाही ते. भेटू.